कागदावरचे मेगाफ्लॉप्स आणि औशाचा पाऊस

"जीसीसीने बिल्ड केलं तर किती फास्ट, आणि इंटेलच्या कंपायलरने केलं तर किती?" आयटीत चार-दोन वर्षं काढलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी ऐकलेला असतो. मग टीममधला कुणीतरी उत्साही मुलगा शुक्रवारी संध्याकाळी बसून एकच कोड तीन कंपायलरांनी बिल्ड करतो, एक्सेलमध्ये तक्ता करतो, एकाला हिरवा रंग देतो आणि मेल टाकतो. सोमवारी सगळे विसरतात. बिल्ड पूर्वी ज्याने व्हायचं त्यानेच होत राहतं.

मला मात्र हा प्रश्न जरा वेगळ्या कारणाने आवडतो. आपल्या पुण्यात एकेकाळी ह्या प्रश्नाचं उत्तर देशाच्या पातळीवर मोजलं गेलंय आणि त्याचा संबंध थेट पावसाशी होता. मी मूळचा औशाचा, लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे पाऊस हा हवापाण्याच्या गप्पांचा विषय नसतो, तो वर्षभराच्या हिशेबाचा विषय असतो. तेव्हा ह्या वीकेंडला कंपायलर आणि पाऊस, दोन्ही एकत्र.

जे सॉफ्टवेअरमधले नाहीत त्यांच्यासाठी एका वाक्यात: आपण प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो, यंत्राला फक्त त्याच्या सूचना कळतात, आणि मधलं भाषांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. भाषांतरकार बदलला की भाषांतर बदलतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

गोष्ट सुरू होते १९५४ च्या सुमारास. आयबीएममध्ये जॉन बॅकस नावाच्या माणसाने फोरट्रानवर काम सुरू केलं. त्या काळचे प्रोग्रॅमर यंत्राच्या सूचना हाताने लिहीत आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता. बॅकसच्या टोळीला एकच धास्ती होती. आपल्या कंपायलरने काढलेला कोड हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा फार हळू निघाला, तर कुणी ढुंकूनही बघणार नाही. त्यामुळे १९५७ साली आयबीएम ७०४ साठी जो पहिला फोरट्रान कंपायलर बाहेर पडला त्यात ऑप्टिमायझेशनवर आजही थक्क व्हावं इतकी मेहनत होती. सहा महिन्यांत होईल म्हणून हाती घेतलेलं काम तीन वर्षं चाललं (काही गोष्टी आपल्या धंद्यात बदलत नाहीत). म्हणजे बघा, कंपायलरचा जन्मच मुळी 'किती वेगाने पळतं' ह्या तुलनेतून झालाय. फक्त पहिल्या सामन्यात एका बाजूला कंपायलर होता आणि दुसऱ्या बाजूला माणूस.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, आणि देशभरातले शास्त्रज्ञ आपापले फोरट्रानचे पत्त्यांचे गठ्ठे घेऊन तिथे जाऊ लागले. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. एक यंत्र, त्याच्यासोबत आलेला एक कंपायलर. जे मिळेल ते गोड मानायचं.

आता १९८७. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या जवळजवळ १९ टक्के कमी पडला. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ७२ चा दुष्काळ जास्त आठवतो, पण दिल्लीतल्या धोरणांना धक्का दिला तो ८७ ने. मध्यम पल्ल्याचा, म्हणजे चार-पाच दिवस पुढचा हवामान अंदाज यंत्रावर गणित करून काढायचा असेल तर सुपरकॉम्प्युटर हवा. बोलणी बरीच लांबली. अमेरिकेने भारताला हवं होतं त्याच्यापेक्षा लहान मॉडेल, क्रे एक्स-एमपी १४, आणि तेही फक्त हवामानाच्या कामासाठी वापरायच्या अटीवर दिलं. १९८९ साली तो दिल्लीत राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राकडे सुरू झाला. दरम्यान 'तुम्ही देत नाही तर आम्ही करू' म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. मुदत तीन वर्षं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय आणि ती खरी आहे, अभिमान वाटावा अशीच आहे.

पण शाळेत त्याच्या पुढचा धडा शिकवत नाहीत.

परम ८००० मध्ये ब्रिटिश इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप होत्या. एकमेकींशी बोलायला उत्तम, पण आकडेमोडीत प्रत्येक चिप तशी बेताचीच. म्हणून पुढच्या यंत्रात, परम ८६०० मध्ये, आकडेमोडीसाठी इंटेलची आय-८६० ही चिप घेतली गेली आणि ट्रान्सप्युटरकडे निरोपांची ने-आण राहिली. गंमत म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अनुपमने आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या फ्लोसॉल्व्हरच्या तिसऱ्या आवृत्तीनेही हीच चिप घेतली. तिन्ही ठिकाणचे अभियंते वेगळे, रचना वेगळ्या, आणि घोडा एकच.

घोडा दिसायला होताच तसा. १९८९ च्या फेब्रुवारीत इंटेलने आय-८६० जाहीर केली तेव्हा तिची जाहिरात 'चिपवरचा क्रे' अशी झाली. दहा लाखांहून जास्त ट्रान्झिस्टर, ४० मेगाहर्ट्झला सिंगल प्रिसिजनमध्ये कमाल ८० मेगाफ्लॉप्स, डबलमध्ये ६०. मेगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख दशांशी गणितं. दिल्लीतल्या क्रेच्या एकुलत्या एका प्रोसेसरची कमाल दोनशेच्या थोडी पुढे. आता कागदावर हिशेब करा: चार आय-८६० म्हणजे २४०. चार चिप्सचं एक छोटं कार्ड म्हणजे एक क्रे! कुणालाही मोह पडेल.

प्रत्यक्षात काय झालं? साधा, सरळ लिहिलेला फोरट्रान कोड कंपायल करून चालवला की ह्या चिपमधून बहुतेक वेळा दहाच्या आत-बाहेर मेगाफ्लॉप्स निघत. एखाद्या मुरब्बी माणसाने आतली लूप असेंब्लीत हाताने लिहिली की तीच चिप कितीतरी पट वेगाने पळे. चिपमध्ये ताकद होती. ती बाहेर काढणारा भाषांतरकार नव्हता.

ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एरवीच्या चिपमध्ये 'ह्या दोन आकड्यांचा गुणाकार कर' म्हटलं की उत्तर यथावकाश जागेवर येतं. आय-८६० च्या वेगवान सूचनांचं तसं नव्हतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रांग डोळ्यांपुढे आणा, जिथे मागून नवी गाडी आत ढकलल्याशिवाय पुढची गाडी काट्यावरून उतरतच नाही. तुम्ही आज आत ढकललेल्या गुणाकाराचं उत्तर तुम्हाला त्याच सूचनेत मिळत नाही, दोन-तीन गुणाकार मागून ढकलल्यावर बाहेर पडतं. कोणत्या क्षणी कुणाचं उत्तर बाहेर पडणार ह्याचा हिशेब यंत्र ठेवत नाही, तुम्ही ठेवायचा. शिवाय एकाच ठोक्यात एक साधी सूचना आणि एक दशांशी सूचना अशा जोड्या जमवायच्या. डेटासाठीचा कॅश फक्त ८ किलोबाइट, तो चुकला की सगळी रांग थांबली. माणूस चार-पाच ओळींसाठी एवढं डोकं लावू शकतो. हजारो ओळींच्या हवामानाच्या कोडसाठी ते काम कंपायलरनेच करायला हवं. आणि १९८९ ते ९१ च्या कंपायलरांना ते नीट जमत नव्हतं.

ह्याच फटीत अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पोर्टलंड ग्रुप ही कंपनी १९८९ साली उभी राहिली. त्यांचं सुरुवातीचं कामच मुळी आय-८६० साठी पाइपलाइन ओळखणारे कंपायलर बनवणं हे होतं. त्यांच्या कंपायलरने परिस्थिती सुधारली, पण चिपचं आयुष्यच तोवर सरत आलं होतं. (ही कंपनी पुढे एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सकडे आणि २०१३ मध्ये एनव्हिडियाकडे गेली. आज जीपीयूवर फोरट्रान चालवणारी मंडळी तिचंच वारस सॉफ्टवेअर वापरतात. चिप मेली, कंपायलर तगला.)

आता क्रेकडे बघा. क्रेचा फोरट्रान कंपायलर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून लूप आपणहून ओळखून व्हेक्टर सूचनांमध्ये बदलत होता. एक्स-एमपी आपल्याकडे आला तेव्हा त्या कंपायलरमागे दहाएक वर्षांचा अनुभव होता. शास्त्रज्ञांनी हवामानाचं कोड लिहितानाच त्याला काय आवडतं, काय नाही हे मनात ठेवलेलं असे. म्हणजे दिल्लीत आलेल्या क्रेटमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट लोखंड नव्हती असं मी म्हणेन. आणि गंमत अशी की अमेरिकेचे निर्यात नियम १९९१ पासून यंत्रं मोजत ती 'सैद्धांतिक कामगिरी'वर, म्हणजे कागदावरच्या कमाल आकड्यावर. कंपायलरचा त्यात हिशेबच नाही. आपणही आपली यंत्रं वर्तमानपत्रात त्याच आकड्याने मिरवत होतो. दोन्ही बाजू कागदच वाचत होत्या.

१९९० च्या दशकात टी-८० नावाचं हवामानाचं मॉडेल क्रेवर चालायचं. ते आपल्या यंत्रांवर, म्हणजे परम, अनुपम, फ्लोसॉल्व्हर वगैरेंवर चढवण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले. मॉडेल चाललं, अंदाज निघाले, हे सिद्ध झालं. पण त्या प्रयोगांत दोन अडचणी सगळ्यांनाच नडल्या. एक, स्पेक्ट्रल मॉडेलमध्ये प्रत्येक पायरीला सगळ्या प्रोसेसरांनी एकमेकांना डेटा द्यावा लागतो. दुसरी, एकेका प्रोसेसरचा खरा वेग कागदाच्या कितीतरी खाली. पहिलीवर खूप लिहिलं गेलं, कारण समांतर संगणन हा तेव्हाचा चमकदार विषय होता. दुसरीवर कमी, कारण 'आमचा कंपायलर नीट पाइपलाइन भरत नाही' ही काही उद्घाटनाच्या भाषणात सांगायची गोष्ट नव्हे. सी-डॅकने १९९४ च्या परम ९००० मध्ये आय-८६० सोडून सनची सुपरस्पार्क चिप घेतली. कमाल आकडा बाजूला ठेवला तर ही चिप सामान्य कोडला कितीतरी जास्त मायाळू होती आणि तिच्यामागे सनचे मुरलेले कंपायलर होते. माझ्या मते परमच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता. त्याचा पुतळा कुणी उभारणार नाही, ते सोडा.

हवामानात वेग का लागतो हे एकदा स्पष्ट बोलायला हवं. पाच दिवसांचा अंदाज काढायला यंत्राला सहा दिवस लागले तर तो अंदाज नव्हे, तो इतिहास. काही तासांत उत्तर आलंच पाहिजे. त्यामुळे यंत्र जितकं हळू तितकी जाळी मोठी ठेवावी लागते. टी-८० ची जाळी सुमारे दीडशे किलोमीटरची होती. म्हणजे औसा, सोलापूर आणि बिदर ह्यांच्यात त्या मॉडेलच्या लेखी जवळपास काहीच फरक नाही. आमच्याकडे किल्ल्याच्या ह्या बाजूला पाऊस पडतो आणि त्या बाजूची जमीन कोरडी राहते. तेरणेकाठच्या गावाला जे मिळतं ते चार कोसांवरच्या गावाला मिळत नाही. त्या काळी औशातल्या माणसाला 'मध्य महाराष्ट्र व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस' ह्याच्या पलीकडे कुणी काही सांगू शकत नव्हतं ते ह्यामुळे. (१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यात 'अंदाज' ह्या शब्दावर एकूणच राग होता. किल्लारी औसा तालुक्यातच येतं. भूकंपाचा असा अंदाज कुठलंच यंत्र देत नाही, हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.)

आता मूळ मुद्दा, तुलनेचा. दोन कंपायलरांची तुलना करताना फसायचे रस्ते भरपूर आहेत आणि फसवणाऱ्यांचा इतिहासही रंजक आहे.

१९८९ साली स्पेक नावाच्या संस्थेने दहा प्रोग्रॅमांचा संच काढला, यंत्रांची तुलना त्याच्यावर व्हावी म्हणून. त्यात मॅट्रिक्स३०० नावाचा, नावाप्रमाणेच मॅट्रिक्स गुणण्याचा एक प्रोग्रॅम होता. थोड्याच काळात आयबीएमच्या एका यंत्रावर ह्या एका प्रोग्रॅमचा वेग जवळजवळ नऊपट झाला. यंत्र तेच! कंपायलर नवा होता, त्याने गुणाकार कॅशमध्ये मावतील अशा चौकटी-चौकटींनी करायला घेतला. युक्ती खरी होती, खोटेपणा नव्हता, पण दहातल्या एका आकड्याने सगळी सरासरी ओढून वर नेली. १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स३०० काढून टाकला. मग वाटेल की लोक शहाणे झाले असतील. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच स्पेकने इंटेलच्या कंपायलरचे २६०० हून जास्त निकाल बाद धरले, कारण कंपायलरमधली एक सुधारणा एका विशिष्ट चाचणी प्रोग्रॅमचं आधीपासूनचं ज्ञान वापरून केलेली होती. पेपर फुटल्यावर पहिला नंबर आला तर तो पहिला नंबर नसतो, हे लातूर पॅटर्नच्या मुलखात जन्मलेल्याला समजावून सांगायला नको.

तिसरा किस्सा आपल्या पिढीला आठवत असेल. इंटेलच्या कंपायलरने बनवलेला प्रोग्रॅम चालू होताना आधी चिपला विचारायचा, 'तू कुणाची?' उत्तर इंटेल आलं तर वेगवान वाट, नाहीतर जुनी हळू वाट, मग एएमडीच्या चिपला त्या वेगवान सूचना येत असल्या तरी. एएमडीने २००५ मध्ये इंटेलवर खटला भरला, त्यात हाही मुद्दा होता. २००९ मध्ये सव्वा अब्ज डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे कंपायलर फक्त भाषांतरकार नसतो, कधीकधी तो जातही विचारतो.

असो. आपल्याकडे कंपायलर नुसते वापरले गेले नाहीत, त्यांच्यावर कामही झालं. पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही 'ढमढेरे' म्हटलं की पुस्तक आठवतं, सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या पुस्तकाला शिव्या घालणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल की आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेऱ्यांचं संशोधन कंपायलर ऑप्टिमायझेशनमध्ये जगभर वाचलं जातं. विषय असा: एकच गणित प्रोग्रॅममध्ये दोन वाटांवर होत असेल, तर ते एकदाच करून ठेवायचं. दोन भाज्यांना एकच वाटण लागणार असेल तर एकदाच वाटायचं. पण दुसरी भाजी होणारच नसेल त्या दिवशी उगाच वाटून ठेवायचं नाही, हा खरा अवघड भाग. फ्रान्सच्या मोरेल आणि रेनव्हॉइझ ह्यांनी १९७९ मध्ये ह्याची रीत दिली, आणि तिच्यातल्या त्रुटी दूर करून ती वापरण्याजोगी करणाऱ्यांत ढमढेऱ्यांचे १९८८ आणि १९९१ चे निबंध मोडतात. त्यांच्याच परंपरेत उदय खेडकरांनी आयआयटी मुंबईत जीसीसीच्या पोटात शिरून मुलांना शिकवण्याचं केंद्र चालवलं.

आणि पुण्यात केपीआयटी कमिन्स कंपनीने २००० च्या दशकात जपानच्या रेनेसास चिपांसाठी जीसीसीवर आधारलेली साधनं बनवली, ती फुकट वाटली आणि त्यांना सपोर्टही दिला. तिथे तुलनेची मोजपट्टीच वेगळी होती. वॉशिंग मशीनच्या किंवा गाडीच्या कंट्रोलरमध्ये मेमरी किलोबाइटांत मोजतात. तिथे 'किती वेगाने पळतं' ह्याच्याआधी 'मावतं का' हा प्रश्न येतो. चिपबनवणाऱ्याचा स्वतःचा विकतचा कंपायलर एका बाजूला आणि पुण्याहून आलेला फुकटचा दुसऱ्या बाजूला. इथे दोन-चार टक्के आकार कमी झाला तर एक आकार लहान, म्हणजे स्वस्त चिप चालून जाते. सीआर१६ नावाच्या चिपसाठी केपीआयटीच्या अभियंत्यांनी लिहिलेला भाग २०१२ मध्ये जीसीसी ४.७ मध्ये सामील झाला. जगभरच्या जीसीसीत तो दहाएक वर्षं राहिला, २०२३ च्या तेराव्या आवृत्तीत वापरणारं कुणी उरलं नाही म्हणून निघाला. दहा वर्षं म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबात दीर्घायुष्यच.

आता असा प्रश्न, जो शुक्रवारच्या तक्त्यात कधीच नसतो: दोन्ही कंपायलरांचं उत्तर एकच येतं का?

तुम्ही म्हणाल, म्हणजे काय, प्रोग्रॅम तोच तर उत्तर तेच. घरी करून बघा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून त्यात ०.३ मिळवा. उत्तर येतं ०.६००००००००००००००१. आता आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवा. सरळ ०.६. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा आकडा बदलतो. आणि वेगासाठी बेरजेचा क्रम बदलणं हे कंपायलरचं आवडतं काम! इंटेलचा कंपायलर पूर्वापार अशी थोडी मोकळीक न सांगताच घेत आलाय, जीसीसी ती तुम्ही फास्ट-मॅथचा पर्याय दिल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे दोघांना नुसतं 'ओ-टू' देऊन शर्यत लावली तर एक जण नियम पाळून धावतोय आणि दुसरा मैदान तिरकं कापून. बऱ्याच तक्त्यांमधला बराचसा हिरवा रंग असाच आलेला असतो.

शेवटच्या आकड्याने काय बिघडतं? पगाराच्या स्लिपमध्ये काही नाही. हवामानात बिघडतं. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झने आपलं छोटं हवामान मॉडेल मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी कागदावर छापलेलं ०.५०६ टाईप केलं आणि थोड्या 'महिन्यां'त दोन्ही हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. फुलपाखराची ती प्रसिद्ध गोष्ट इथूनच निघाली. कंपायलर बदलणं म्हणजे असंच एक फुलपाखरू सोडणं. पहिल्या दिवशीचा पाऊस दोन्ही बिल्डमध्ये सारखाच दिसतो, दहाव्या दिवशी एकात औशावर ढग आणि दुसऱ्यात नाही.

मग नव्या कंपायलरचं उत्तर 'वेगळं' आहे की 'चुकीचं', हे ठरवायचं कसं? ह्याला रोझिन्स्की आणि विल्यमसन ह्यांनी १९९७ मध्ये मला फार आवडलेली रीत दिली. जुन्याच यंत्रावर, जुन्याच कंपायलरने, सुरुवातीच्या तापमानात मुद्दाम शेवटच्या आकड्याइतका फरक करून मॉडेल चालवा आणि तो फरक किती वेगाने वाढतो ते बघा. आता नव्या बिल्डचा फरक वाढू द्या. तो त्याच वेगाने वाढत असेल तर बिनधास्त वापरा. त्याहून जास्त वेगाने वाढला तर कंपायलरने कुठेतरी गडबड केलीय. पुढे अमेरिकेच्या वातावरण संशोधन केंद्राने हीच कल्पना संख्याशास्त्राच्या अंगाने वाढवली. त्या तपासणीत मीरा नावाच्या सुपरकॉम्प्युटरवरचे निकाल नापास होऊ लागले. शोधल्यावर दोषी निघाली गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात करणारी सूचना. ती एरवी जास्त अचूकच असते. ती बंद केल्यावर निकाल पास! जास्त वेगवान, जास्त अचूक, आणि तरी नापास. ही गोष्ट मी मुलाखतीत उमेदवारांना सांगतो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला मजा येते.

आज पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथे २०१८ च्या जानेवारीत प्रत्यूष आला, चार पेटाफ्लॉप्सचा क्रे. क्रेच्या ह्या यंत्रांवर क्रेचा, इंटेलचा आणि जीसीसी असे तिन्ही कंपायलर ठेवलेले असतात, एका आदेशात बदलता येतात. १९८९ ला ज्यांना एक मिळवायला अमेरिकेला विनवावं लागलं, त्यांच्या पुढे आज तीन. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा अर्क सुरू झाला, आणि २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम. दीडशे किलोमीटरवरून सहावर! एकट्या औसा तालुक्यात आता अनेक चौकटी बसतात.

ह्यात कंपायलरचा वाटा किती, ह्याचा ढोबळ हिशेब मांडतो. जाळी निम्मी करायची तर लांबीत दुप्पट चौकटी, रुंदीत दुप्पट, आणि वेळेची पायरीही निम्मी. म्हणजे काम आठपट. चांगला कंपायलर निवडून समजा २० टक्के वेळ वाचला, तर आठपटीपुढे तो कुठेच पुरत नाही. जाळी बारीक होते ती नव्या यंत्राने. पण भारतीय हवामान विभाग २०१८ च्या जूनपासून बारा किलोमीटरच्या जाळीवर एकच अंदाज न काढता २१ काढतो, प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी. फुलपाखरांना विरोध करण्याऐवजी मुद्दाम २१ सोडायची आणि किती जण औशावर पाऊस दाखवतात ते मोजायचं. इथे २० टक्के वाचले तर तेवढ्याच वेळात २१ ऐवजी २६ अंदाज बसतात. कंपायलरच्या टक्केवारीचं पीक इथे येतं.

कारण आमच्याकडचा प्रश्न 'पाऊस येणार का' इतका साधा नसतोच. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं लागोपाठ पाऊस गेल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण शेतकरी बुडतो तो बहुतेक वेळा एवढ्या मोठ्या दुष्काळात नव्हे. मृगात एक चांगली सर येते, सगळे सोयाबीन पेरतात, मग पंधरा दिवस ऊन. बियाणं, खत, मजुरी मातीत, आणि दुबार पेरणी. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हवामान पत्रकही तेच सांगतं. पण शेजाऱ्याने तिफण काढली की धीर धरणं अवघड असतं. पुढच्या दहा दिवसांत खंड पडायची शक्यता किती, एवढा एकच आकडा त्या वेळी उपयोगाचा.

माझे एक काका औशाजवळ शेती करतात. एका जूनमध्ये मी त्यांना फोनवर मोठ्या उत्साहाने हे समजावून सांगत होतो: समजा एकवीस अंदाज आहेत, त्यातले चौदा पाऊस दाखवतात, सात दाखवत नाहीत. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते एकवीस-चौदा तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. ओल धरंल का न्हाई, तेवढं सांग."

मी म्हटलं, सातात तुम्ही सापडलात तर दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला जमेल का? ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, न्हाई जमायचं. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या पावसाची वाट बघून पेरलं.